वळचणीतून आढ्याला : अ‍ॅटिकमध्ये हवा खेळती कशी करावी

न्यू जर्सीत जुनं घर घेतलं, की कधी ना कधी कुणीतरी सांगतंच: "तुमच्या अ‍ॅटिकला हवा कमी पडतेय, आढ्यावर रिज व्हेंट लावून घ्या." अ‍ॅटिक म्हणजे छत आणि खालच्या खोल्या यांच्यामधला माळा, आणि रिज व्हेंट म्हणजे आढ्याच्या लांबीने बसवलेली, हवा बाहेर सोडणारी वाट. हा सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही, आणि त्यापायी चांगल्या घरांची छतं आतून काळी पडलेली मी पाहिली आहेत. छताचं काम करणारा येतो, अर्ध्या दिवसात आढं कापतो, व्हेंट ठोकतो आणि पैसे घेऊन जातो. खाली वळचणीतून, म्हणजे सॉफिटमधून, हवा आत यायला वाट आहे का, हे तो बघतसुद्धा नाही.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, पण हवा जाते, आणि सगळं काम तिच्याच भरवशावर चालतं. खालून हवा आत आली तरच वरून तेवढी बाहेर पडते. वळचण बंद असेल, तर आढं ती हवा घरातून ओढतं: छतातल्या दिव्यांच्या भोकांतून, अ‍ॅटिकच्या झाकणाच्या फटींतून, वायरी आणि पाइप वर गेलेत तिथून. हिवाळ्यात ही हवा तुम्ही पैसे मोजून तापवलेली असते, आणि तिच्यात आंघोळीची, कुकरची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ असते. जानेवारीत अ‍ॅटिकमध्ये टॉर्च घेऊन जा. प्लायवुडमधून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढरं हिम धरलेलं दिसेल. दुपारी ऊन पडलं, की ते वितळून इन्सुलेशनवर ठिबकतं आणि लोक नवीन छताचे भाव विचारायला लागतात. छत गळतच नसतं.

गावाकडच्या मंगळुरी कौलांच्या फटींतून हवा आपोआप फिरते, त्यामुळे आपल्याला ही सवय नाही. इथे प्लायवुड, त्यावर फेल्ट म्हणजे डांबरी कागद, त्यावर शिंगल म्हणजे डांबरी चकत्या. हवेची वाट आपणच करून द्यायची.

एक अपेक्षा आधीच दुरुस्त करतो. उन्हाळ्यातलं एसीचं बिल निम्मं होईल म्हणून हे काम करू नका. बिल कमी होतं ते फटी बुजवल्याने आणि इन्सुलेशन वाढवल्याने. खेळत्या हवेने लाकूड कोरडं राहतं, बुरशी धरत नाही, आणि बर्फाच्या दिवसांत छत सगळीकडे सारखं थंड राहिल्याने वळचणीवर वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचे बांध कमी होतात. तेवढ्यासाठीसुद्धा हे काम करण्यासारखं आहे.

टाउनहाउस असेल, तर छत बहुधा एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीच्या, अखत्यारीत येतं. आधी लेखी परवानगी घ्या. छताच्या उताराला आतल्या बाजूने स्प्रे फोम मारलेला असेल, तर हे काम तुमच्या घरासाठी नाहीच, कारण तसं अ‍ॅटिक मुद्दाम बंद ठेवलेलं असतं.

हिशेब

अ‍ॅटिकच्या जमिनीचं क्षेत्रफळ घ्या. बांधकामाच्या नियमावलीत मूळ प्रमाण १५० चौरस फुटांना १ चौरस फूट उघडीप असं आहे. वर-खाली उघडीप नीट वाटलेली असेल, तर ३०० ला १ चालतं. १२०० चौरस फुटांच्या अ‍ॅटिकला ४ चौरस फूट, म्हणजे ५७६ चौरस इंच. निम्मी वर, निम्मी खाली, म्हणजे दोन्हीकडे २८८. खाली थोडी जास्त झाली तर चांगलंच. वर जास्त आणि खाली कमी, असं कधीही होऊ देऊ नका. माप मोजायचं ते खोक्यावर छापलेल्या 'नेट फ्री एरिया'चं, म्हणजे जाळी वजा जाता उरलेल्या उघडिपीचं. फुटाला १८ चौरस इंच देणारा रिज व्हेंट असेल, तर २८८ साठी १६ फूट पुरतात. आढं ४० फूट आहे म्हणून जवळजवळ सगळं कापणार असाल, तर वळचणही त्याच प्रमाणात उघडावी लागेल. मी तसंच करतो, कारण वळचण दोन्ही बाजूंना मिळून ८० फूट असते.

चारी बाजूंनी उतरत्या छताला आढं आखूड असतं, तिथे एकट्या रिज व्हेंटने भागत नाही.

अ‍ॅटिकमधली तयारी

सुटं, करडं-सोनेरी, अभ्रकासारखं चमकणारं खड्यांचं इन्सुलेशन दिसलं, तर काहीही न ढवळता खाली उतरा. ते व्हर्मिक्युलाइट आहे. या देशातलं बहुतेक व्हर्मिक्युलाइट मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आलं, आणि त्या खाणीत अ‍ॅस्बेस्टॉस होतं. खाण १९९० मध्ये बंद झाली, पण घराघरांतला माल तसाच आहे. ते काम परवानाधारकाचंच.

बाकी घरांत मास्क लावून, जॉइस्टवर, म्हणजे तिथल्या आडव्या लाकडांवर, फळ्या टाकून आधी खालच्या खोल्यांच्या छतातल्या फटी फोम आणि कॉकने, म्हणजे फटी भरायच्या लुकणाने, बुजवा. चिमणीभोवती आणि गॅसच्या धुराड्याभोवती फोम चालत नाही. तिथे पत्रा आणि आगीत टिकणारं कॉकच लावायचं. बाथरूमच्या पंख्याचा पाइप अ‍ॅटिकमध्येच मोकळा सोडलेला असेल, तर तो छतातून किंवा भिंतीतून बाहेर न्या. तो सॉफिटशेजारी काढला, तर वाफ तिथूनच परत आत ओढली जाते.

वळचण: खरं काम इथे आहे

बाहेरून बघितलं तर सॉफिटला बारीक भोकांचं व्हायनिल किंवा अ‍ॅल्युमिनियम लावलेलं असतं आणि वाटतं, हवा तर येतेच आहे. जुन्या घरांत बहुतेकदा ती येत नाही. सायडिंग, म्हणजे भिंतींचं बाहेरचं आवरण, बदलताना मूळ प्लायवुडचं सॉफिट तसंच ठेवतात आणि त्याच्यावर भोकांचं पॅनल चढवतात. दिसायला जाळी, वर सलग फळी. तपासायला सोपं आहे: एका भोकातून पातळ तार वर सरकवा. अर्ध्या-पाऊण इंचात अडली, की वर फळी आहे. घराच्या प्रत्येक बाजूला चार-पाच ठिकाणी हे करा, कारण एखाद्याच जागी जुनी जाळी सापडते आणि माणूस निर्धास्त होतो.

फळी असेल तर पॅनल काढावीच लागतात. व्हायनिलची पॅनल एकमेकांत अडकवून पुढेपुढे लावत गेलेली असतात. शेवटचं पॅनल ज्या कोपऱ्यात बसवलं, तिथून सुरुवात करा. फेशियाच्या, म्हणजे वळचणीच्या पुढच्या उभ्या फळीच्या, पत्र्याची खालची कड अलगद सैल करा, सायडिंगच्या आकड्याने कुलूप सोडवा आणि प्रत्येक पॅनलच्या पाठीवर नंबर घाला. थंडीत व्हायनिल काचेसारखं तडकतं, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये किंवा ऑक्टोबरमध्येच घ्या. गांधीलमाश्यांची पोळी हमखास इथेच असतात. सकाळी थंड वेळी आधी पाहून घ्या. घर १९७८ च्या आधीचं असेल, तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. घासण्या-कापण्याआधी चाचणी करा. सॉफिट प्लायवुडऐवजी कडक सिमेंटच्या पत्र्यासारखं लागलं, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉसची शक्यता धरा आणि कापू नका.

आता कापणं. मध्ये मध्ये २ इंची गोल भोकं पाडून छोट्या जाळ्या बसवा, असा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. हिशेब करून बघा. २ इंची भोकाचं क्षेत्रफळ जेमतेम ३ चौरस इंच, जाळी बसली की त्याहूनही कमी. २८८ गाठायला शंभराच्या वर भोकं पाडावी लागतील, आणि इतकी कुणीच पाडत नाही. त्यापेक्षा वळचणीच्या लांबीभर दोन-अडीच इंच रुंद सलग पट्टी कापा. ती पन्हळीच्या बाजूला ठेवा, भिंतीला चिकटून नको. पात्याची खोली प्लायवुडच्या जाडीएवढीच, म्हणजे वरच्या आडव्या लाकडांना धक्का लागत नाही. पोर्चच्या दिव्याची वायर याच पोकळीतून जाते. ती कुठे आहे ते पाहून वीज बंद करूनच पातं लावा.

शिडीवर उभं राहून डोक्यावर गोल करवत धरायची नाही. यात मला दुसरं मत ऐकायचं नाही. करवतीने झटका दिला, तर आधाराला हात मोकळा नसतो. खाली पक्की मचाण लावा आणि थरथरत्या पात्याचं मल्टिटूल वापरा. वेळ दुप्पट लागतो, लागू दे. भुसा थेट डोळ्यांत पडतो, म्हणून साधा चष्मा नको, बाजूंनी बंद गॉगल घाला.

पट्टी कापली तरी निम्मंच झालं. वर दोन वाशांमधल्या गाळ्यात इन्सुलेशन अगदी छताच्या प्लायवुडला भिडवून कोंबलेलं असतं. हवा पोकळीत येते आणि तिथेच थांबते. इथे बॅफल लागतात, म्हणजे प्लायवुडखाली हवेसाठी मोकळी वाट धरून ठेवणारी पन्हळीसारखी पॅनल. नियमाने वाट किमान १ इंच हवी. मला २ इंच पटते. पातळ थर्मोकोलची घेऊ नका, इन्सुलेशनच्या दाबाने ती चेपतात. कडक प्लास्टिकची घ्या, वाशांमधल्या अंतराप्रमाणे १४ किंवा २२ इंच रुंदीची.

अडचण अशी, की बॅफल जिथे लावायचं तिथेच छत सगळ्यात खाली आलेलं असतं. कमी उताराच्या छतात भिंतीच्या माथ्यावर वीतभरही उंची नसते आणि वरून शिंगलचे खिळे डोक्याशी. फळीवर पोटावर झोपून, हेल्मेट घालून सरकावं लागतं. हे काम एकट्याने करू नका. मी माणसं अशी लावतो: एक अ‍ॅटिकमध्ये, एक बाहेर मचाणीवर. आतल्याने लांब दांड्याच्या पंजाने इन्सुलेशन मागे ओढायचं आणि बॅफल प्लायवुडला घासत खाली सरकवायचं. बाहेरच्याने कापलेल्या पट्टीतून बोटं वर घालून ठेवायची. बोटांना बॅफलची कड लागली आणि "आली" म्हणून आवाज आला, की मगच स्टेपल मारायची. आतून बघून "पोचलं असेल" म्हणणं चालत नाही; भिंतीच्या माथ्याच्या दोन इंच अलीकडे थांबलेलं बॅफल आतून अगदी बरोबर दिसतं आणि हवा मात्र अडवतं.

मग भिंतीच्या माथ्याच्या बाहेरच्या कडेला, बॅफलच्या खाली, फोम बोर्डाचा तुकडा उभा बसवा. तो नसेल, तर वाऱ्याचा झोत थेट इन्सुलेशनमध्ये शिरतो आणि खोलीच्या छताचे कोपरे हिवाळ्यात गार पडून काळे होतात. इन्सुलेशन परत त्या तुकड्यापर्यंत पसरा. ओढलेलं तसंच मागे ठेवू नका. हे सगळं प्रत्येक गाळ्यात करायचं. एक सोडून एक केलं, तर उरलेल्या गाळ्यांतली हवा कोंडलेलीच राहते.

पॅनल परत बसवण्याआधी पट्टीवर गंज न धरणारी १/८ इंची जाळी ठोका. मग भर उन्हात अ‍ॅटिकमधला दिवा बंद करून बसा. प्रत्येक गाळ्याच्या टोकाशी उजेड दिसला पाहिजे. जिथे अंधार, तिथे पुन्हा हात घाला. शेवटची परीक्षा रिज व्हेंट लागल्यावर घ्या: वारा पडलेला असताना बाहेरून, सॉफिटखाली, उदबत्ती धरा. ऊन तापलेल्या दुपारी धूर वर ओढला गेला, की हवा चालू झाली.

आढं

दोनमजली घर किंवा १२ इंचांत ६ इंचांहून जास्त चढ असेल, तर हे काम छतवाल्याला द्या; वळचण तुम्ही केलेली असल्याने त्याचं काम अर्ध्या दिवसाचं उरतं. एकमजली, मंद उताराचं छत असेल, तर हार्नेस बांधून, पावसाचा अंदाज पाहून, एका दिवसात संपवा.

आढ्यावरच्या टोप्यांची, म्हणजे आढं झाकणारी, शिंगल काढा. दोन्ही बाजूंना खडूची रेघ मारा: आढ्याची फळी नसेल, तर टोकापासून साधारण पाऊण इंच, असेल, तर तिची निम्मी जाडी त्यात मिळवा. व्हेंटच्या खोक्यावर वेगळं माप असेल, तर तेच पाळा. पातं शिंगल आणि प्लायवुड एवढंच कापेल असं ठेवा, वासे आणि आढ्याची फळी कापायची नाही. दोन्ही टोकांना आणि चिमणीपाशी फूटभर आधीच थांबा. व्हेंट मात्र टोकापर्यंत लावा म्हणजे रेघ तुटत नाही.

व्हेंट घेताना बाहेरच्या कडेला वारा अडवणारी उभी पट्टी असलेलाच घ्या. गुंडाळीने मिळणारे चटईसारखे प्रकार स्वस्त असतात, पण धुळीने भरतात आणि खिळे जास्त ठोकले की दबतात. खिळे हातोडीने मारा. बंदुकीतले नेहमीचे छताचे खिळे व्हेंट आणि टोपी दोन्ही भेदायला आखूड पडतात. खिळा प्लायवुडमध्ये किमान पाऊण इंच गेला पाहिजे किंवा आरपार निघाला पाहिजे.

शेवटी त्रिकोणी भिंतींवरचे जुने गेबल व्हेंट आतून प्लायवुडने बंद करा. ते उघडे राहिले, तर आढं वळचणीऐवजी तिथूनच हवा घेतं आणि खालचे गाळे तसेच राहतात. अ‍ॅटिकचा विजेचा पंखा असेल, तर तोही काढून टाका. तो रिज व्हेंटमधूनच उलटी हवा ओढतो, घरातली थंड हवाही ओढतो, आणि गॅसच्या वॉटर हीटरचा धूर घरात परतवण्याचा धोका असतो.

पुढच्या जानेवारीत पुन्हा टॉर्च घेऊन वर जा. एखाद्या जागी खिळ्यांवर हिम दिसलं, तर आणखी व्हेंट विकत घेऊ नका. त्या जागेच्या बरोबर खाली खोलीच्या छतातली कुठली फट बुजवायची राहिली, ती शोधा. बहुतेकदा ती बाथरूमच्या पंख्याच्या डब्याभोवती सापडते.