बिल विदर्स यांची गाणी कशी ऐकावीत

बिल विदर्स या अमेरिकन सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांची भावपूर्ण गायनशैली) गायक-गीतकाराकडे वळणारा श्रोता बहुधा निवडक लोकप्रिय गाण्यांच्या एखाद्या संग्रहापासून सुरुवात करतो. तसे करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. 1971 चा ‘जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम’ हा पहिला अल्बम आधी सलग ऐकावा, आणि त्याही आधी त्याचे मुखपृष्ठ नीट पाहावे. हातात जेवणाचा डबा घेऊन उभा असलेला तो माणूस कामगाराच्या वेषातला गायक नाही. विदर्स त्या काळात विमानांतील शौचालये बनवणाऱ्या कारखान्यात खरोखरच कामाला होते आणि हे छायाचित्र तेथेच, जेवणाच्या सुटीत काढलेले आहे.

गाण्यांआधी एवढे चरित्र ठाऊक असावे. त्यांचा जन्म 4 जुलै 1938 रोजी वेस्ट व्हर्जिनियातील स्लॅब फोर्क या कोळसा खाणींच्या वस्तीत झाला. तेरा वर्षांचे असताना वडील गेले. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत ते बोलताना अडखळत असत. नौदलात नऊ वर्षे काढून 1967 मध्ये ते लॉस एंजेलिसला आले आणि पहिला अल्बम निघाला तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. ज्याला प्रत्येक शब्द प्रयासाने उच्चारावा लागला, तो माणूस गाण्यातही अनावश्यक शब्द ठेवत नाही, असे मला त्यांना ऐकताना नेहमी वाटत आले आहे. म्हणून या गाण्यांत काय आहे याबरोबरच काय वगळले आहे, तेही ऐकावे.

‘एन्ट नो सनशाइन’ यासाठी सर्वांत उपयुक्त. जेमतेम दोन मिनिटांच्या या गाण्याच्या मध्यावर विदर्स ‘आय नो’ एवढेच दोन शब्द सव्वीस वेळा म्हणतात. त्या जागी ते पुढे ओळी लिहिणार होते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी निर्माते बुकर टी. जोन्स आणि इतर वादकांनी ते आहे तसेच ठेवण्यास सांगितले. पहिल्यांदा ऐकताना सव्वीसची मोजणी करू नये. वाद्ये कशी मागे सरतात आणि आवाज जवळजवळ एकटा कसा उरतो, याकडे कान द्यावा; मोजणी दुसऱ्या वेळी करावी. त्यानंतर ‘ग्रँडमाज हँड्स’ ऐकावे. आजीविषयीच्या या गाण्यात आजीचा चेहरा कोठेही येत नाही. येतात ते केवळ तिचे हात: प्रार्थनेत टाळ्या वाजवणारे, पडलेल्या नातवाला उचलणारे, दुसऱ्याच्या दुःखाला धीर देणारे.

‘लीन ऑन मी’ हे 1972 चे गाणे मात्र केवळ ऐकू नये, वाजवावे. घरात पेटी असल्यास पांढरी एक हा षड्ज धरून सा, रे, ग, म असे चढावे आणि म, ग, रे, सा असे उतरावे. पहिल्या दोन ओळींची चाल जवळपास तयार होते. विदर्स यांनी नवा इलेक्ट्रिक पियानो घेतला होता, आणि हाताची ठेवण न बदलता बोटे पट्ट्यांवरून वर-खाली सरकवताना त्यांना ही चाल सापडली. आपल्याकडे पेटी शिकणारे मूल पहिल्या आठवड्यात जे वाजवते, त्यातून अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेले गाणे उभे राहिले. शब्दांमागे स्लॅब फोर्कमधील शेजारधर्म आहे. स्वतः वाजवल्यावर मूळ गाणे पुन्हा लावावे आणि जेम्स गॅडसन यांचे ड्रम किती संयमाने साथ करतात ते ऐकावे.

यानंतर ऑक्टोबर 1972 मधील, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या सभागृहातल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण घ्यावे आणि दोन गाण्यांच्या मधले बोलणे मुळीच वगळू नये. ‘आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड’ सुरू होण्यापूर्वी विदर्स व्हिएतनामच्या युद्धात उजवा हात गमावलेल्या एका तरुणाविषयी बोलतात, आणि मग गाण्यात तोच तरुण कोणाला तरी आपल्यासाठी पत्र लिहून देण्याची विनंती करतो. इंग्रजी उच्चार कळणे अवघड वाटल्यास येथे शब्द समोर ठेवावेत. माझ्या मते त्यांचे हे सर्वांत मोठे गाणे आहे, जरी ते फार थोड्यांनी ऐकलेले असले तरी.

पुढचा प्रवास झपाट्याने करता येतो. 1977 च्या ‘लव्हली डे’च्या शेवटी एकच स्वर सुमारे 18 सेकंद टिकतो, तेथे त्यांच्याबरोबर आपलाही श्वास रोखून पाहावा. 1981 चे ‘जस्ट द टू ऑफ अस’ हे ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांच्या सॅक्सोफोनसाठीही ऐकण्यासारखे आहे. 1985 नंतर मात्र विदर्स यांनी नवा अल्बम काढलाच नाही.

2009 चा ‘स्टिल बिल’ हा माहितीपट या सर्वांनंतरच पाहावा. त्यात ते आपल्या आयुष्याकडे वळून पाहतात, जन्मगावी जातात, अडखळत बोलणाऱ्या मुलांना भेटतात. गाणी आधी कानात बसलेली नसतील, तर या प्रसंगांचा अर्धा अर्थ निसटतो. त्याला जोडून 2015 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या थोर संगीतकारांचा गौरव करणाऱ्या अमेरिकन संस्थेत प्रवेश मिळताना त्यांनी केलेले भाषणही ऐकावे. परिचय गायक स्टीव्ही वंडर यांनी करून दिला होता. त्यानंतर शहात्तर वर्षांचे विदर्स भरलेल्या सभागृहासमोर, कोठेही न अडखळता, लोकांना हसवत बोलतात.