ड्रॉइंग उघडतं पण सेव्ह होत नाही: ७७७ मारण्याआधी काय तपासावं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतला एखादा कारखाना धरू. तीन सर्व्हरवर ग्लस्टरएफएसचा (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एक सामायिक स्टोरेज करणारी प्रणाली) व्हॉल्यूम, सगळी ड्रॉइंग त्यावर. डिझाइनवाल्यांनी ठेवलेली फाइल शॉप फ्लोअरच्या लिनक्स पीसीवर उघडते, पण सेव्ह करताना ‘परमिशन डिनाइड’ येतं. इथे हात ‘सीएचमॉड ७७७’कडे, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क देऊन टाकणाऱ्या कमांडकडे जातो, तो आवरा. कुलूप नेमकं कुठे आहे तेच मग कळत नाही, आणि उद्या कोणीही ड्रॉइंग पुसू शकतं.

आधी मेसेज नीट वाचा. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असेल तर हक्कांचा प्रश्नच नाही, माउंट (व्हॉल्यूम पीसीला कसा जोडलाय ते) बघा. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर सर्व्हरवरच्या मूळ फाइलला इम्यूटेबलचा, म्हणजे बदलबंदीचा ‘आय’ लागलाय का ते ‘एलएसएटीटीआर’ने नुसतं बघा; ग्लस्टरच्या माउंटवर ही कमांड चालत नाही.

‘परमिशन डिनाइड’च असेल तर ज्याला अडचण येते त्याच्याच लॉगिनने तपासा; रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर होऊन तपासण्यात अर्थ नाही. दोन्ही पीसीवर ‘आयडी’ (युजरचे आणि त्याच्या ग्रुपचे नंबर) आणि ‘एलएस -एलएन’ (फाइलच्या मालकाचे आणि ग्रुपचे नंबर) चालवून आकडे ताडून बघा. ‘ड्रॉइंग’ ग्रुप डिझाइनच्या पीसीवर १००५ आणि शॉप फ्लोअरवर १००३ निघाला, तर दुखणं सापडलं. स्टोरेज नाव बघत नाही, नंबर बघतं. चुकीचा नंबर असलेल्या पीसीवर ‘ग्रुपमॉड -जी १००५’ला ग्रुपचं नाव देऊन नंबर बदला, पण आधी तो नंबर तिथे दुसऱ्या कोणाला दिलेला नाही ना, ते बघा. त्या पीसीच्या लोकल डिस्कवरच्या जुन्या १००३च्या फाइली आपोआप बदलत नाहीत, त्या ‘सीएचजीआरपी’ने हाताने बदलाव्या लागतात. पीसी पाच-सहाच्या वर गेले की एलडॅप (सगळ्या पीसींसाठी युजर आणि ग्रुपची एकच यादी) लावलेलं बरं.

आकडे जुळतात, तरी अडतंय? नुसतं ‘आयडी’ आणि ‘आयडी’पुढे युजरचं नाव, दोन्ही चालवा. ग्रुप फक्त दुसऱ्यात दिसला तर लॉगआउट करून परत लॉगिन करा.

मग ‘नेमआय -एल’ला फाइलचा पूर्ण पाथ द्या, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचे हक्क दिसतील. वरच्या एका जरी फोल्डरवर ‘एक्स’, म्हणजे आत शिरायचा हक्क नसेल तर आतल्या फाइलचे हक्क कितीही मोकळे असोत, वाट बंद. बरेच प्रोग्रॅम सेव्ह करताना शेजारी तात्पुरती फाइल बनवून तिलाच जुन्या फाइलचं नाव देतात. म्हणून फाइलइतकाच फोल्डरवरही लिहायचा हक्क लागतो.

सामायिक फोल्डरला ‘सीएचमॉड’ने २७७५ द्या आणि युमास्क (नव्या फाइलचे कोणते हक्क काढायचे ते ठरवणारा आकडा) ०००२ ठेवा, म्हणजे नवी फाइल फोल्डरच्याच ग्रुपमध्ये जाते आणि ग्रुपला ती बदलता येते. फक्त ‘एमव्ही’ने (फाइल हलवणाऱ्या कमांडने) त्याच व्हॉल्यूमवरून आणलेली फाइल आपला जुना ग्रुप घेऊन येते, तक्रारी बहुतेक तिथूनच सुरू होतात. एसीएल (एकेका युजरला किंवा ग्रुपला वेगळे हक्क देणारी यादी) वापरत असाल तर माउंट करताना ‘एसीएल’ पर्याय द्या. ती यादी दाखवणाऱ्या ‘गेटफॅक्ल’मध्ये ‘इफेक्टिव्ह’ असं दिसलं की मास्क, म्हणजे त्या हक्कांवरची कमाल मर्यादा आड येतेय. एसीएल असताना ‘सीएचमॉड’ने ग्रुपचे हक्क बदलले की मुळात मास्कच बदलतो.

हे सगळे बदल माउंट केलेल्या व्हॉल्यूममधूनच करायचे. सर्व्हरवरच्या ब्रिकमध्ये (ग्लस्टर जिथे प्रत्यक्ष फाइली ठेवतं त्या फोल्डरमध्ये) शिरून थेट ‘सीएचमॉड’ केलंत तर प्रती एकमेकींशी जुळणार नाहीत.

एखादा पीसी एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची दुसरी पद्धत) जोडलेला असेल तर आणखी तीन गोष्टी. रूटने बनवलेली फाइल ६५५३४च्या, म्हणजे ‘नोबडी’च्या नावावर दिसली तर तो रूट स्क्वॉश, म्हणजे पीसीवरच्या रूटला सर्व्हरवर साधा युजर मानणारी सोय, ती चालूच राहू द्या. युजर १६पेक्षा जास्त ग्रुपमध्ये असेल तर पुढचे ग्रुप सर्व्हरपर्यंत पोचत नाहीत, त्यासाठी सर्व्हरवर मॅनेज-जीआयडीज (ग्रुपची यादी सर्व्हरनेच शोधायची सेटिंग) चालू करा. आणि हक्क बदलल्यावर मिनिटभर थांबून मगच पुन्हा तपासा, कारण क्लायंट जुनी माहिती ६० सेकंदांपर्यंत धरून ठेवतो.