गायींची वीण आणि अधिवेशन एकाच वेळी: रँचर आमदाराच्या ऑफिसातले चार महिने

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या राजधानीत, म्हणजे लिंकनला, अ‍ॅग इकॉनॉमिक्स (शेतीचं अर्थशास्त्र) करायला येणाऱ्या दोघातिघांनी विचारलं की तिथल्या आमदाराच्या ऑफिसात इंटर्नशिप कशी असते, म्हणून आठवेल तसं लिहितोय. मी २०१९ च्या अधिवेशनात नेब्रास्काच्या एका सिनेटरकडे होतो. माणूस सँडहिल्समधला (राज्यातला वाळूच्या टेकड्यांचा कुरणाचा भाग) रँचर, म्हणजे थोडा मका आणि बाकी सगळं गायी. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

आधी थोडं बेसिक. नेब्रास्कात १९३७ पासून एकच सभागृह आहे, ४९ जण, सगळ्यांना सिनेटरच म्हणतात आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, विषम वर्षी ९० दिवस आणि सम वर्षी ६० दिवस. पगार ऐकून मी दोनदा विचारलं होतं, वर्षाला १२,००० डॉलर. महिन्याला नाही, वर्षाला! १९८८ पासून तेवढाच आहे, तो राज्यघटनेत लिहिलेला असल्याने वाढवायचा तर लोकांना विचारावं लागतं, आणि २०१२ ला २२,५०० करू का विचारलं तर लोक नाही म्हणाले. राहण्याखाण्याचा भत्ता वेगळा असतो, पण त्यात घर चालत नाही. त्यामुळे नोकरदार माणूस इकडे सहसा फिरकत नाही, येतात ते रिटायर्ड, वकील, धंदेवाले आणि शेतकरी.

आता शेतकऱ्याला जानेवारी मोकळाच असतो असं मला वाटायचं. मकावाल्याला असतोही, जमीन गोठलेली असते. पण गायीवाल्याचं नेमकं उलट, फेब्रुवारी ते एप्रिल वीण चालू असते आणि पहिलारू कालवडींकडे तर रात्री दर दोन-तीन तासांनी बघून यावं लागतं. आणि हा माणूस घरापासून जवळजवळ ३०० मैलांवर लिंकनमध्ये टाय लावून बसलेला. सकाळी सभागृहात चर्चा, दुपारी कमिटीच्या सुनावण्या, आणि मधेच बायकोचा फोन की कालवड अडलीय, डॉक्टरला बोलवू का. १३ मार्चला ते भयानक वादळ आलं, पूर्वेला पूर, पश्चिमेला हिमवादळ, दुसऱ्या दिवशी नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं, तेव्हा रस्ते बंद असल्याने ते लिंकनमध्येच अडकले. बायको आणि भाऊ रात्रभर वासरं उचलून गोठ्यात आणत होते. किती गेली ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. एकदा मला विचारलं तुझ्या घरी किती गायी, म्हटलं दोन. मग आता धारा कोण काढतं? आई. ते नुसते हसले.

कामाचं म्हणाल तर प्रॉपर्टी टॅक्स नीट शिकून या, बाकी मागून येतं. तिथल्या शाळा मोठ्या प्रमाणात या टॅक्सवर चालतात. शेतजमिनीची किंमत बाजारभावाच्या ७५ टक्के धरतात, आणि बाजारभाव चढला की कागदावर गाव श्रीमंत दिसतं, त्यामुळे गावच्या शाळेला राज्याची मदत आटते आणि सगळा बोजा जमीनवाल्यावर येतो. आता ज्याला जमीन विकायचीच नाही त्याने त्या वाढलेल्या किमतीचं करायचं काय? शहरातले सिनेटर म्हणणार की तुमच्याकडे करोडोंची जमीन आहे. दोघांचंही खरं असतं, म्हणून ते भांडण दरवर्षी नव्याने होतं. दुसरा विषय पाणी, त्यासाठी १९७२ पासून नॅचरल रिसोर्सेस डिस्ट्रिक्ट म्हणजे पाणी-जमीन सांभाळणारी स्थानिक बोर्डं आहेत, आता २३. आमचे सिनेटर आधी शाळेच्या बोर्डावर, मग या पाण्याच्या बोर्डावर आणि मग इथे असे आलेत. शेतकऱ्यांची हीच वाट असते बहुतेक, सरळ उडी मारणारे कमी.

प्रत्येक बिलाची जाहीर सुनावणी होते, हे मला सगळ्यात आवडलं. कोणीही खुर्चीत बसून बोलू शकतं, समोर वेळ दाखवणारा हिरवा पिवळा लाल दिवा, आणि सुरुवातीलाच नाव सांगून स्पेलिंगही सांगायचं असतं. माझं आडनाव संपेपर्यंत क्लार्कने दोनदा मान वर केली होती. तुमचंही होईल, आधीच पाठ करून जा.

इंटर्नशिपसाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच ईमेल करा, जानेवारीत कोणाला वेळ नसतो. ऑफिसात माणसं दोनच असतात, एक लेजिस्लेटिव्ह एड (बिलांचं काम बघणारा सहायक) आणि एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह, त्यामुळे फोन उचलण्यापासून बिलाचा सारांश काढण्यापर्यंत सगळं तुमच्याकडे येतं. व्हिसाचं मात्र आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. आणि मे मध्ये कोणी ब्रँडिंगला, म्हणजे वासरांना तापलेल्या लोखंडाने डाग द्यायला, बोलावलं तर जा, जुने कपडे घालून. मी चांगलं जॅकेट घालून गेलो होतो, ते अजून जळक्या केसांचा वास मारतंय.