जुना टायर उतरवून गाडीची रिम घरच्या घरी नव्यासारखी कशी करावी

रंग मारणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. खरी दमछाक होते ती टायर रिमवरून सोडवताना आणि रंगाआधी रिम घासताना.

म्हणून आधी ठरवा, हाच टायर पुन्हा बसवायचाय का? बसवायचा असेल तर सरळ टायरच्या दुकानात जाऊन मशीनवर उतरवून घ्या. लिव्हरच्या (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीच्या) ओढाताणीत टायरचा काठ फाटला, तर वाचवलेल्या पैशांपेक्षा भुर्दंड मोठा. टायर टाकूनच द्यायचा असेल, तर मात्र घरी खुशाल हात घाला. वय कळत नसेल तर टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांपुढे कोरलेला डॉट क्रमांक पाहा. शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. दहा वर्षं उलटलेला टायर, नक्षी कितीही शाबूत असो, परत चढवू नका.

चाक काढण्याची रीत ठाऊक असेलच: सपाट जागा, हँडब्रेक, जमिनीवरच्या चाकांना उटी, नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका. खाली स्टँड द्या, किंवा स्टेपनी लावून गाडी खाली उतरवा. पुढच्या पायरीला ही स्टेपनी कामाला येते.

टायर सोडवणं

वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. टायरचा जो काठ रिमला घट्ट चिकटून बसतो, त्याच्या आत पोलादी तारा असतात; त्याला बीड म्हणतात. नुसतं पायाने दाबून तो सहसा सुटत नाही. चाक गाडीच्या मजबूत जॅक पॉइंटखाली आडवं ठेवा, रिमच्या काठाला लागून टायरवर जाड फळीचा तुकडा ठेवा, त्यावर जॅक उभा करा आणि हळूहळू चढवा. गाडीच्या वजनाने बीड खाली सरकतो. वॉल्व्हपाशी मात्र दाबू नका, कारण हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर तो तिथेच असतो. जागा बदलत गोलभर दाबा, मग चाक उलटून दुसरी बाजू. हे चाललेलं असताना गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही.

बीड सुटला की सेन्सर आधी काढून घ्या. मग चाक दर्शनी बाजू वर करून ठेवा आणि काठावर साबणाचं दाट पाणी फिरवा.

रिमच्या मधोमध, बहुतेकदा दर्शनी बाजूला सरकलेला, एक खोल पन्हाळ असतो. बीड ताणला जात नाही, त्यामुळे एका बाजूने तो काठावरून वर यायचा असेल तर समोरच्या बाजूने त्याला या पन्हाळात उतरायला जागा हवी. समोरच्या बाजूवर गुडघे रोवून बसा आणि मग दोन लिव्हर वितीभर अंतरावर लावा. टायर हलत नसेल तर जोर वाढवू नका; समोरचा बीड पन्हाळातून वर आलाय, एवढाच त्याचा अर्थ. वरचा बीड निघाला की खालचाही याच काठावरून काढा.

घासणं

चाक आधी धुऊन घ्या. ब्रेकची काळी धूळ कोरडी झटकू नका, ओलीच पुसा. मग रिम उजेडात फिरवून पाहा. तडा दिसला किंवा काठ वाकलेला असला, तर ती रिम रंगवण्याच्या लायकीची नाही. लांबी (पुट्टी) भरून तडा झाकणं म्हणजे धोका झाकणं.

लोखंडी रिमचा गंज तारेच्या ब्रशने काढा. अलॉयवर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमवर, तो ब्रश चालवू नका. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि रंगाखाली पुढे डाग धरतात. अलॉयवर फुगलेला, सुटलेला जुना थर ८० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पार काढा, नाहीतर नवा रंगही त्याच्यासोबत उचकटेल. कठड्याला घासून पडलेले उथळ ओरखडे आधी पेपरने सपाट करा, उरलेल्या खड्ड्यात गाडीच्या बॉडीला वापरतात ती लांबी भरा. नंतर २४० आणि शेवटी ४०० नंबरचा पेपर पाण्यासोबत. डोळे मिटून बोट फिरवा. नजरेला न दिसणारी कड बोटाला लागते.

रंग

तीन जागांवर रंग नको: हबला (चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागाला) टेकणारी मागची सपाट बाजू, नट बसतात त्या खाचा आणि बीड टेकतो तो काठ. पहिल्या दोन ठिकाणी रंगाचा थर दाबाखाली चेपतो आणि नट सैल पडतात. तिसऱ्या ठिकाणी हवा गळते. तिथे मास्किंग टेप लावा.

थिनरने पुसल्यावर रिमला बोटं लावू नका. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर इपॉक्सी प्राइमर मारा, साधा प्राइमर पुढे सोलतो. मग वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून पातळ हात द्या, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. पहिला हात विरळ दिसला तरी घाई नको, जाड हात हमखास ओघळतो. वरून क्लिअर कोट, म्हणजे रंग जपणारा पारदर्शक थर. हार्डनर मिसळायच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसांना घातक आहे आणि साधा कापडी मास्क त्यापुढे कुचकामी. योग्य रेस्पिरेटर नसेल तर हार्डनर नसलेला क्लिअर वापरा. टिकाऊपणा थोडा कमी मिळेल.

परत बसवताना

रंग निदान दोन दिवस वाळू द्या. नवा टायर आणि नवा वॉल्व्ह दुकानातच बसवा. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर हवा भरणं धोक्याचं असतं आणि बॅलन्सिंगही तिथेच होतं. नट चांदणीच्या क्रमाने (एकानंतर त्याच्या समोरचा), गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने, आवळा. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावा. पहिले काही आठवडे चाक धुवायला साधा साबणच वापरा, आम्लाचा क्लीनर नको.