दहावीचे पहिले सत्र : विषयवार तयारीची यादी

राज्य मंडळाच्या दहावीचे वर्ष कागदावर दहा महिन्यांचे दिसते, हाती येतात ते जेमतेम आठ. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याहून थोड्या उशिरा. मधे गणपती, नवरात्र, दिवाळी. आणि २०२५ साली लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती. त्यामुळे दिवाळीआधी झालेला भाग वर्गात पुन्हा सविस्तर शिकवला जात नाही. तो थेट पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत भेटतो. धड्यांची वाटणी शाळागणिक पुढेमागे होते, म्हणून पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांकडून सत्राचे नियोजन उतरवून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. इथला क्रम बहुतेक शाळांत चालतो तसा आहे.

सुरुवात गणितापासून करावी, कारण तिथली उणीव आधीच्या वर्षांतली असते. बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी या सत्रात येतात. वर्गसमीकरणांचा धडा सुरू होण्याआधी अवयव पाडणे हातात बसलेले हवे. जून महिन्यात रोज पाच उदाहरणे पुरतात. ते जमत नसेल तर मुले प्रत्येक समीकरणाला सूत्र लावतात, उत्तर येते, पण वेळ दुप्पट जातो.

दोन समीकरणे सहगुणकांच्या चौकटीवरून सोडवायच्या निश्चयक पद्धतीत मुले हमखास घसरतात ते ऋण चिन्हावर. वरच्या ओळीत २ आणि −३, खालच्या ओळीत ५ आणि १ असे सहगुणक असतील, तर निश्चयकाची किंमत (२ × १) − (−३ × ५), म्हणजे २ + १५ = १७. घाईत दुसरा कंस गाळला की २ − १५ = −१३ होते आणि पुढचे सगळे चुकते. हे टाळायला दोन सवयी लावा: ऋण संख्या आली की कंस करायचाच, आणि शेवटी आलेल्या किमती दोन्ही समीकरणांत घालून पाहायच्या. एकाच समीकरणात घालून पाहणे म्हणजे अर्धीच पडताळणी. आणखी एक: समीकरण आधी प्रमाणरूपात, म्हणजे चले डावीकडे आणि स्थिरपद उजवीकडे, असे लिहूनच निश्चयक मांडा. श्रेढीत चूक पदांच्या संख्येत होते. चारने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या १२ पासून ९६ पर्यंत; ९६ मधून १२ वजा करून ४ ने भागले की २१ येतात, पण पदे आहेत २२. तो एक मिळवायचा राहतो, कारण सूत्रातला ‘एन वजा एक’ पाठ असतो, समजलेला नसतो.

अर्थनियोजनाचा धडा काही शाळा दिवाळीआधी उरकतात. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बरेच बदलले, त्यामुळे सरावाच्या उदाहरणांतले दर आणि दुकानाच्या पावतीवरचे दर जुळतीलच असे नाही. परीक्षेत उदाहरणात दिलेलाच दर धरायचा. राज्यांतर्गत विक्रीत १८ टक्के म्हणजे केंद्राचे ९ आणि राज्याचे ९. २,००० रुपयांच्या वस्तूवर १८० आणि १८० असा कर लागतो, बिल २,३६० रुपयांचे. दोघांचेही १८ धरणारे प्रत्येक वर्गात निघतातच.

भूमितीत समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ आणि बहुधा भौमितिक रचना. त्यासाठी नववीतल्या एकरूपतेच्या कसोट्या आणि समांतर रेषांचे कोन एकदा नजरेखालून घाला. समरूप त्रिकोण लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम संगतीप्रमाणेच हवा. क्रम चुकला की बाजूंची गुणोत्तरे चुकतात आणि आकृती अचूक असूनही गुण जातात. बाजू २:३ असतील तर क्षेत्रफळे ४:९ असतात, हे उलट्या दिशेनेही करून पाहा: क्षेत्रफळांवरून बाजूंकडे येताना वर्गमूळ घ्यायचे विसरते.

रचनांसाठी कंपासपेटी आजच उघडून तपासा. कंपासचा स्क्रू ढिला असेल तर कंस काढता काढता त्रिज्या एक-दोन मिलिमीटरने सरकते आणि तीन कंस एका बिंदूत छेदत नाहीत. मग मूल रबर घेऊन बसते. स्क्रू आवळा, पेन्सिल छोटी आणि टोकदार घाला, तिचे टोक आणि सुईचे टोक एका पातळीत आणा, वहीखाली चार-पाच कागद ठेवा म्हणजे सुई रुतून बसते. आधी कच्ची आकृती काढायची, तिच्यावर मापे लिहायची, मग पक्की. कंस पुसायचे नाहीत. रचना कशी केली याचा पुरावा तेच असतात. समरूप त्रिकोणाच्या रचनेत किरणावर समान भाग किती घ्यायचे हा प्रश्न पडतो: गुणोत्तरातली मोठी संख्या घ्या.

गणिताच्या दोन्ही भागांची लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांची, वेळ दोन तास; उरलेले २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. विज्ञानाचे दोन भागही ४०-४० चे आहेत. ‘कृती पूर्ण करा’ असे चौकटींचे प्रश्न गणितात ठरलेले असतात. ते सोपे समजून सोडून देऊ नका. चौकटीत नेमके काय भरायचे ते मधल्या पायऱ्या लिहायची सवय असेल तरच सुचते.

विज्ञान भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण, आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम आणि उष्णता. पहिल्या धड्यासाठी घातांकाचे नियम घोटून घ्या. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर दिली असेल तर ती ६.४ × १०⁶ मीटर करूनच सूत्रात घाला. किलोमीटर तसेच ठेवले तर वर्ग करताना उत्तर दहा लाख पटींनी चुकते. समीकरण संतुलित करताना रेणुसूत्रातला खालचा अंक बदलायचा नाही, पुढचा सहगुणक बदलायचा. फ्लेमिंगच्या हाताच्या नियमांत डावा हात मोटारीसाठी, उजवा जनित्रासाठी. परीक्षेत पेन उजव्या हातात असल्यामुळे मुले नकळत डावाच हात वापरतात. विजेच्या धड्यासाठी घरचे बिल जवळ ठेवा: १,००० वॉटची इस्त्री रोज अर्धा तास चालली तर ३० दिवसांत १५ युनिट होतात. एकदा हे घरच्या घरी काढले की किलोवॉट-तास आणि किलोवॉट यांतला घोळ संपतो.

उष्णतेत अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता अवस्था बदलायला लागणारी उष्णता, नीट बसवा. शून्य अंशाचा १० ग्रॅम बर्फ २० अंशांच्या पाण्यात न्यायचा तर आधी तो वितळायला १० × ८० = ८०० कॅलरी, मग तापायला १० × १ × २० = २०० कॅलरी, एकूण १,०००. पहिली पायरी गाळून २०० लिहिणारे फार. उपाय सोपा आहे: आलेख काढा. वितळतानाची आडवी रेषा दिसली की ते ८०० आपोआप आठवतात.

भाग २ मध्ये आनुवंशिकता व उत्क्रांती, त्यानंतर जीवनप्रक्रियांचे दोन मोठे धडे. इथे आकृत्या आणि प्रक्रियांचे क्रम यांना वेळ द्या. प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण हे प्रथिननिर्मितीतले तीन शब्द क्रमाने लिहून प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहा. आरएनएत थायमिनच्या जागी युरॅसिल येतो, तिथे हात अडखळतो. पेशीविभाजनाच्या चार अवस्था पाठ करण्यापेक्षा पाच-सहा वेळा काढा, एकदा तरी पुस्तक मिटून. प्रजननाच्या धड्याला काही घरांत ‘स्वतः वाचा’ म्हणून टाळले जाते. आकृती नामनिर्देशित करायचा प्रश्न तिथूनही येतो.

इतिहासाच्या पहिल्या धड्यात पाश्चात्त्य विचारवंतांची रांगच आहे आणि सगळे एकमेकांत मिसळतात. पानभर तक्ता करा: देकार्तपुढे संशय, हेगेलपुढे द्वंद्ववाद, मार्क्सपुढे वर्गसंघर्ष, फुकोपुढे ज्ञानाचे पुरातत्त्व. एका नावाला एकच खूण, पाच ओळी नकोत. पुढे भारतीय इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, कलांचा इतिहास आणि प्रसारमाध्यमे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चे, हे तारखेसकट लक्षात असू द्या. राज्यशास्त्रात संविधानाची वाटचाल आणि निवडणूक प्रक्रिया. घरात मतदार ओळखपत्र असेल तर ते समोर ठेवून वाचा, मतदारसंघ वगैरे शब्द कोरडे राहत नाहीत.

भूगोलात वर्षभर भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी चालतात. आधी स्थान-विस्तार आणि प्राकृतिक रचना, मग हवामान. ब्राझीलचा बहुतांश भाग दक्षिण गोलार्धात आहे, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे उन्हाळा. हवामानाचा आलेख वाचताना हेच विसरून मुले जुलैला ‘कमाल तापमान’ लिहून मोकळी होतात. ब्राझिलियाची वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे: इथे सकाळचे ११ तर तिथे रात्रीचे २:३०. दोन्ही देशांचे कोरे नकाशे डझनभर एकदम आणून ठेवा, आलेख कागदाची वहीही. नकाशात पेन्सिलने भरायचे, सूची द्यायची. आलेखावर प्रमाण लिहायचे, ते राहिले तर रेषा कितीही सुबक असो, गुण कापला जातो. क्षेत्रभेटीचा धडा पहिलाच आहे. प्रश्नावली स्वतः करा, निदान दहा प्रश्नांची, आणि ती जवळच्या बाजारात किंवा नदीकाठी खरोखर वापरा.

मराठीच्या ८० गुणांत २४ उपयोजित लेखनाचे आणि १६ भाषाभ्यासाचे. म्हणजे निम्मी प्रश्नपत्रिका धड्यांबाहेरची, तरी मुले धड्यांच्या प्रश्नोत्तरांतच अडकतात. आठवड्याला एक पत्र, एक जाहिरात किंवा बातमी एवढे पुरे; पत्रात विषय आणि दिनांक विसरू नका. हिंदी आणि इंग्रजीलाही हेच लागू, इंग्रजीत फक्त रोज अर्धे पान मोठ्याने वाचायची भर घाला.

राहिली प्रयोगवही. पहिल्या प्रयोगापासून निरीक्षण त्याच दिवशी लिहा, आकृती पेन्सिलने काढा आणि शिक्षकांची सही तेव्हाच घ्या. जानेवारीत एकदम वीस सह्या मागायला गेलात तर रांग लांब असते, आणि निरीक्षणे मित्राच्या वहीतून उतरवलेली असतात तेव्हा दोघांच्या वहीत तीच चूक दिसते.