एक जुना डेस्कटॉप, पाच मुलं आणि कोड-सर्व्हर

गोव्यातल्या डिचोलीत संध्याकाळी मी सी प्रोग्रामिंगची शिकवणी घेतो. पाच मुलांचे पाच तऱ्हेचे लॅपटॉप. एकाकडे तर थोरल्या भावाचं क्रोमबुक. प्रत्येकावर कंपायलर, म्हणजे सीचा कोड चालण्याजोगा करणारा प्रोग्राम, बसवत कोण बसणार? म्हणून घरच्या आठ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर उबुंटू लिनक्स टाकलं आणि डॉकरमध्ये कोड-सर्व्हर चालवला. डॉकर प्रोग्रामला कंटेनर नावाच्या वेगळ्या, बंदिस्त खोलीत चालवतो. कोड-सर्व्हर म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर. मुलांच्या लॅपटॉपवर आता ब्राउझर असला की झालं.

कोड-सर्व्हर एकाच माणसासाठी बनवलेला आहे, त्यामुळे प्रत्येक मुलाला वेगळा कंटेनर द्या. डॉकर कंपोज अनेक कंटेनर एकाच फाइलीवरून उभे करतं; त्या फाइलीत प्रत्येकाची एक सर्व्हिस लिहायची. कंटेनरच्या आतला पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) सगळ्यांचा ८०८०, बाहेरचा मात्र ८०८१, ८०८२ असा वाढत जातो. प्रत्येकाला एक जीबी मेमरीची मर्यादा घाला, नाहीतर एकाच्या न थांबणाऱ्या लूपमध्ये मेमरी संपते आणि बाकीचे चौघे हात बांधून बसतात.

खरी मेख फोल्डरांची आहे. कंटेनर पुन्हा बनवला की त्याच्या पोटातलं सगळं जातं, म्हणून जे टिकवायचं ते डेस्कटॉपच्या डिस्कवर ठेवून आत जोडायचं. कंटेनरमधल्या कोडर या यूजरच्या होम फोल्डरातल्या तीन जागा जोडा: कामाचा प्रोजेक्ट फोल्डर, एक्स्टेंशन आणि सेटिंग जिथे राहतात तो डॉट-लोकल आणि डॉट-कॉन्फिग. हे फोल्डर आधी स्वतः तयार करून त्यांची मालकी १००० या यूजर क्रमांकाला द्या. कारण फोल्डर नसेल तर डॉकर तो आपणहून बनवतो, पण रूट या सर्वाधिकारी यूजरच्या नावावर. आतला यूजर १००० क्रमांकाचा, त्याला मग लिहिता येत नाही आणि ‘परमिशन डिनाइड’ समोर येतं.

आता कंपायलर. ज्या साच्यावरून कंटेनर बनतो ती इमेज. कोडरकॉमच्या तयार इमेजमध्ये कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट असतं, जीसीसी हा सीचा कंपायलर नसतो. आतल्या यूजरला पासवर्डविना सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने आज्ञा देणं, चालतं, म्हणून हुशार मुलं तिथेच एपीटी या सॉफ्टवेअर बसवायच्या आज्ञेने जीसीसी बसवून मोकळी होतात. कंटेनर नव्याने उभा राहिला की, “सर, जीसीसी खंय गेलें?” त्यापेक्षा चार ओळींची डॉकरफाइल, म्हणजे आपली इमेज बांधायची कृती, लिहा: मूळ इमेज, रूट यूजर, जीसीसी-जीडीबी-क्लँगडी बसवण्याची आज्ञा आणि शेवटी परत १००० यूजर. ही शेवटची ओळ विसरू नका. जीडीबी कोडमधल्या चुका शोधायला, क्लँगडी लिहिताना सूचना आणि चुका दाखवायला. क्लँगडी अशासाठी की कोड-सर्व्हर ओपन व्हीएसएक्स या खुल्या भांडारातून एक्स्टेंशन घेतो आणि मायक्रोसॉफ्टचं सी-सी++ एक्स्टेंशन तिथे मिळत नाही. माझ्या मते क्लँगडीने काही बिघडत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना ते पुरून उरतं.

दाराला कुलूप हवंच. या एडिटरमध्ये टर्मिनल आहे, म्हणजे पासवर्ड काढून टाकणं हे परक्याच्या हाती कीबोर्ड देणं झालं. पासवर्ड कंपोज फाइलीतल्या एन्व्हायर्नमेंटमधून देता येतो. हॅश केलेला, म्हणजे मूळ शब्द ओळखता येणार नाही असा बदललेला, दिलात तर कंपोज फाइलीत त्यातलं प्रत्येक डॉलर चिन्ह दोनदा लिहा. बाहेरच्या पोर्टाआधी १२७.०.०.१, म्हणजे फक्त याच मशीनचा पत्ता, लिहायला चुकू नका. डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातो, त्यामुळे फायरवॉल चालू असूनही दार सताड उघडं राहू शकतं.

मग मुलं आत येणार कशी? डेस्कटॉपवर थेट कॅडी हा वेब सर्व्हर बसवा; तो आलेली विनंती योग्य कंटेनरकडे पोचवतो. प्रत्येक मुलासाठी एक एचटीटीपीएस पत्ता, तो आपापल्या ८०८१, ८०८२ कडे वळवलेला. एडिटरला लागणारी सतत उघडी राहणारी जोडणी, म्हणजे वेबसॉकेट, कॅडी स्वतःच सांभाळतो. ब्राउझरने या पत्त्यांवर विश्वास ठेवावा म्हणून कॅडीचं रूट सर्टिफिकेट प्रत्येक लॅपटॉपवर एकदा बसवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण साध्या एचटीटीपीवर ब्राउझर क्लिपबोर्ड अडवतो आणि मार्कडाउनचा प्रीव्ह्यू कोरा राहतो. मला एकट्याला बाहेरून बघायचं असेल तर एसएसएच टनेल, म्हणजे दूरच्या मशीनपर्यंतची सुरक्षित वाट, पुरतो; राउटरवर पोर्ट उघडायच्या भानगडीत मी पडत नाही.

जून लागला की आमच्याकडे वीज येते-जाते. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू होईल अशी सेटिंग करा, डॉकरची सर्व्हिस बूटवर सुरू होऊ द्या आणि कंपोजमध्ये रीस्टार्टपुढे ‘अनलेस-स्टॉप्ड’ लिहा. मग मुलं यायच्या आत सगळं आपसूक उभं असतं.

नवी आवृत्ती मी चतुर्थीच्या सुट्टीत घेतो, वर्ग चालू असताना कधीच नाही. प्रोजेक्ट फोल्डरांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, मूळ इमेज ताजी ओढून आपली इमेज पुन्हा बांधायची आणि कंपोज ‘अप’ करायचं. एक्स्टेंशन आणि मुलांचा कोड होता तिथेच असतो.