कोय लावा मुळासाठी, शेंड्याचं पुढच्या पावसाळ्यात बघू

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की उकिरड्यावर आंब्याच्या कोया आपोआप फुटतात. तांबूस पानांचं ते रोप उपटायचं, कोय दगडावर घासायची आणि पिपाणी करून वाजवायची, हे ज्यांनी लहानपणी केलंय त्यांना कोय कशी उगवते ते सांगायला नको. ताजी, ओली आणि कुजलेल्या खतात अर्धवट गाडलेली. तरी दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी विचारतंच, "हापूसच्या कोया महिनाभर गच्चीवर कडक वाळवून ठेवल्यात, आता लावू का?" त्या कोयांची आता पिपाणीसुद्धा होणार नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या बाजूला बांधावर लावायला म्हणून एका वर्षी साठ-सत्तर कोया गोणीत भरून पडवीत टांगल्या. पाऊस लांबला. आषाढ संपता संपता लावल्या तेव्हा तीन उगवल्या. गहू, हरभरा, बाजरीचं बी नीट वाळवलं की टिकतं, म्हणून आपला हात सवयीनं उन्हाकडेच जातो. आंबा, फणस, जांभूळ, लिंबू यांचं बी उलट्या स्वभावाचं. आतला ओलावा गेला की ते मेलं. आंब्याची कोय सावलीत ठेवली तरी तीन-चार आठवड्यांत तिचा जोर संपतो, जांभळाचं बी दोन आठवड्यांत जातं, आणि फणसाची आठळी तर गरा खाल्ला त्याच आठवड्यात मातीत गेलेली बरी. फ्रीजमध्ये ठेवून टिकवण्याच्या फंदात पडू नका, थंडी या बियांना बाधते.

कोणती कोय आणि कशी लावायची

हापूस संपला, केसर संपत आला, आणि पेठ-सुरगाण्याकडचा रायवळ, म्हणजे गावठी आंबा, आता बाजारात आहे. लावायला कोय घ्यायची ती या रायवळची. आढीत पूर्ण पिकलेल्या फळाची घ्या, सडक्याची नको. चिकटलेला गर राखेनं चोळून धुवून काढा, नाहीतर मुंग्या आणि बुरशी लागते. एक-दोन दिवस सावलीत निथळू द्या आणि मग बादलीभर पाण्यात टाका. वर तरंगतील त्या कोया बाजूला काढा, त्या लावण्यात अर्थ नाही.

बुडालेल्या कोयांची कड द्राक्षाच्या छाटणीच्या कात्रीनं बेतानं कापा आणि टरफल उघडून आतला गाभा काढा. टरफलासकट लावली तरी कोय उगवते, पण उशीर लागतो, आणि आत काय आहे ते कळत नाही. गाभ्यात काळी पोखरण किंवा भुसा दिसला तर तो कोयीतला भुंगा. असली कोय बांधावर फेकू नका, जाळून टाका. तोच भुंगा पुढच्या मोसमात झाडावर येतो. चांगले गाभे ट्रायकोडर्माच्या (रोगट बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) पाण्यात, लिटरला पाच ग्रॅम या हिशेबानं, अर्धा तास ठेवा. लावताना गाभा आडवा टाकू नका. तो कडेवर उभा करून फुगीर कड वर ठेवा आणि वर दोन बोटं माती घाला. उलटा पडला तर मूळ आणि शेंडा एकमेकांना वळसा घालत बाहेर येतात आणि रोपाची मान जन्मभर वाकडी राहते. दोन ते तीन आठवड्यांत कोंब दिसायला हवा.

हापूसची कोय लावून हापूस का नाही?

हा प्रश्न द्राक्षवाल्यांनी विचारला की मला गंमत वाटते, कारण उत्तर त्यांच्याच बागेत उभं असतं. निफाड-दिंडोरीत उन्हाळ्यात डॉगरिज द्राक्षाचा खुंट, म्हणजे मुळासाठीचं झाड, लावायचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर थॉमसन या खायच्या द्राक्षाचं कलम भरायचं, हे पोरासोरांना पाठ आहे. मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं. आंब्यातही तेच करायचं.

हापूस, केसर, लंगडा, दशहरी या जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो, आणि तो आईच्या फुलावर दुसऱ्या कुठल्यातरी झाडाचा पराग पडून तयार झालेला असतो. त्यामुळे रोप आईसारखं निघेलच असं नाही. आपल्याकडच्या रायवळीत प्रत्येक झाडाची चव वेगळी आणि म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव, शेप्या, खोबऱ्या, शेंदऱ्या, गोट्या, ते याच कारणानं. केरळ-गोव्याच्या किनाऱ्यावर काही जाती अशा आहेत की एका कोयीतून तीन-चार कोंब येतात आणि त्यातले बहुतेक हुबेहूब आईसारखे असतात. पण तो आंबा आपल्या बाजारातला नव्हे.

कोयीचं झाड फळाला यायला सात-आठ वर्षं सहज घेतं, आणि इतकी वर्षं पाणी घातल्यावर फळ आंबट निघालं तर दाद मागायला जागा नाही. म्हणून कोय लावायची ती मुळासाठी. रायवळच्या मुळासारखं काटक मूळ पिशवीतल्या कलमाला मिळत नाही. शेंडा मात्र खात्रीच्या झाडाचा हवा. घाटावर माझं मत केसरलाच. हापूसची हौस सगळ्यांना असते, पण कोकणातली हवा आपण कुठून आणणार?

जागेवरच लावा

या सल्ल्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: कोय पिशवीत न लावता जिथे झाड हवं तिथेच लावा. कोयीचं सोटमूळ कोंब वर यायच्या आधीच खाली पळायला लागतं. पिशवीत ते तीन-चार महिन्यांत तळाला टेकतं आणि गोल गोल फिरतं. ते रोप पुढे कितीही चांगल्या खड्ड्यात लावलं तरी मुळाची गुंडाळी सुटत नाही. जागेवर लावलेल्या कोयीचं मूळ मुरमाच्या फटीतून सरळ उतरतं, आणि सिन्नर, येवला, नांदगावच्या उन्हाळ्यात झाड जगतं ते त्या जोरावर.

खड्डा तीन फूट लांब, रुंद, खोल. मे महिन्यात घेऊन उन्हात तापू दिला असेल तर उत्तमच. वरच्या थरातली माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून भरा. अर्धकच्चं खत घातलं तर मुळं खाणाऱ्या हुमणीला आणि वाळवीला आमंत्रण. एका खड्ड्यात वीतभर अंतरावर तीन कोया त्रिकोणात लावा. दसऱ्यापर्यंत त्यातलं जोमदार रोप ठेवा आणि बाकीची दोन कापून टाका. उपटू नका, शेजारच्याची मुळं दुखावतात. वर बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवंच. शेळ्या नंतर येतात, उंदीर आणि खारी पहिल्याच रात्री येतात.

पुढच्या पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, खुंट पेन्सिलीएवढा झाला आणि त्याला तांबूस कोवळी फूट आली की त्यावर पाचर कलम करा, म्हणजे खुंट चिरून त्यात चांगल्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी बसवा. काडी फळावर असलेल्या झाडाची, तीन-चार महिने वयाची, खुंटाच्याच जाडीची. कलमाच्या आठ-दहा दिवस आधी काडीवरची पानं देठ ठेवून कापा, म्हणजे डोळे फुगतात. खुंट कापताना खाली थोडी पानं राहू द्या. पाचर दीड इंचाची, पट्टी घट्ट, आणि वर बर्फाच्या पेप्सीची रिकामी पिशवी टोपीसारखी घाला. दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते. त्यानंतर सांध्याखालचे फुटवे दर पंधरा दिवसांनी काढायचे. यात आळस केला तर खाली रायवळ वाढतो, वरचा केसर वाळतो आणि तीन वर्षांनी कळतं.

कोय उगवल्यावर पंधरवड्यातच करायचं कोय कलमही आहे. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठामुळे ते घरोघरी पोहोचलं. त्याला हवेत सतत ओल लागते, त्यामुळे इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात जुलैमध्ये करून पाहायला हरकत नाही. येवल्यात करू नका, काडी वाळते.

माती बघून बदल करा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात खड्डा म्हणजे डबकं होतं, कोय तिथे सडते. तिथे खड्डा भरून वर फूटभर उंचवटा करा आणि कोय उंचवट्यावर लावा. निफाडच्या काळ्या मातीत खड्ड्याच्या भरणीत मुरूम आणि वाळू मिसळा. येवला-नांदगावसारख्या पूर्वेच्या तालुक्यांत अडचण नेमकी उलटी: पाऊस दडी मारतो. तिथे रोपाशेजारी तळाला बारीक भोक पाडून वात घातलेला माठ पुरा आणि दोन उन्हाळे तो भरत राहा.

ज्यांचं बी आपल्या मनासारखं निघतं, आणि ज्यांचं नाही

कागदी लिंबू हे घरच्या बियांतून करायचं सगळ्यात भरवशाचं झाड. एका बीतून दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बहुतेक आईच्या पेशींपासून झालेले, म्हणजे तिच्यासारखेच. झाडावर पिवळं झालेलं, गळून पडलेलं फळ घ्या, बी धुऊन त्याच दिवशी लावा. वाफ्यात जे रोप फारच खुरटं किंवा इतरांपेक्षा वेगळ्याच पानाचं दिसेल ते काढून टाका, ते बहुधा संकराचं असतं. चार-पाच वर्षांत फळ मिळतं. लहानपणी काटे भयंकर असतात आणि पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी रोप दोन दिवसांत बोडकं करते. सकाळी हातानं वेचा, पाच-दहा रोपांसाठी फवारा काढू नका.

जांभळाची बी धुऊन आठवडाभरात लावा. एका बीतून दोन रोपं येऊ शकतात, ती ओढून वेगळी करू नका. घरातल्या मधुमेहाच्या चूर्णासाठी उन्हात वाळवलेल्या बिया मात्र तिथेच राहू द्या, त्या उगवत नाहीत. बियांच्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षं लागतात. मोठं, गरदार फळ लवकर हवं असेल तर कोकण बहाडोली या जातीचं कलम आणा.

करवंदाकडे शेतकरी दुर्लक्ष करतात, याचं मला वाईट वाटतं. घाटात द्रोणातून विकतात त्या पिकलेल्या करवंदाची ताजी बी बांधावर चरीत टाकली तर चार वर्षांत असं कुंपण होतं की डुक्करही विचार करतं. तार चोरीला जाते, करवंद जात नाही.

पपईच्या बीवरची बुळबुळीत पिशवी राखेत चोळून काढल्याशिवाय उगवण धड होत नाही. बाजारातली पपई बहुधा तैवान संकराची असते, तिच्या बीची रोपं एकसारखी निघत नाहीत आणि नर झाडंही येऊ शकतात. परसात एका जागी तीन रोपं लावा आणि फुलं बघून एक ठेवा. विक्रीसाठी हे करू नका. डाळिंबाचंही तसंच, भगव्याचं बी भगवं देईल याचा भरवसा नाही. गुटी कलमच (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं) घ्या. चिकूच्या बीच्या नादी लागूच नये. रोपवाटिकेवालेसुद्धा चिकू खिरणीच्या खुंटावर बांधतात.

हिमाचलहून आणलेल्या पीच-जर्दाळूच्या आठ्या ओल्या वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रीजमध्ये ठेवल्या तर उगवतात. पण फळधारणेला लागतो तेवढा गारवा नाशिकच्या हिवाळ्यात मिळत नाही. हौस म्हणून कुंडीत ठेवा. आठी फोडून आतला कडू गाभा मात्र मुलांना खाऊ देऊ नका, तो विषारी असतो.

शहरातल्यांसाठी

बंगल्याच्या अंगणात आंबा, जांभूळ, फणस लावताना भिंतीपासून निदान पंधरा फूट सोडा, आणि जांभूळ गाडी लावायच्या जागेवर नको. महापालिका हद्दीत झाडांच्या जतनाचा 1975 चा कायदा लागू आहे, म्हणजे वाढलेलं झाड आपल्याच अंगणातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. कोय लावायच्या आधी वीस वर्षांनंतरची सावली डोळ्यांसमोर आणा. आणि ज्यांना राज्य सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून फळबाग करायची आहे त्यांनी घरच्या कोयांचा हिशेब त्यात धरू नये. तिथे शासकीय किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतली कलमं लागतात.

पुढची दोन कामं

डिसेंबर-जानेवारीत निफाड पट्ट्यात पारा पाच अंशांखाली उतरतो. पहिल्या वर्षाचं आंब्याचं, फणसाचं आणि पपईचं रोप त्या पहाटे करपतं. संध्याकाळी हलकं पाणी द्या आणि उसाच्या पाचटाची टोपी करा, दक्षिणेची बाजू उघडी ठेवून.

सीताफळाची बी आत्ता मिळणार नाही, ती दसरा-दिवाळीत जमवा. हिला वर सांगितलेले नियम लागू नाहीत. कडक कवचाची ही बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत पुढच्या मे अखेरपर्यंत ठेवली तर उलट तिला विश्रांती मानवते. लावण्याआधी दिवसभर पाण्यात भिजवा. फळ तीन-चार वर्षांत येतं, आणि मुरमाड बांधावर बियांपासून करायला याच्याइतकं सोपं फळझाड नाही. पुडीवर नाव लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. या बियांचा चुरा डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. तसं झालं तर डोळा भरपूर पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्या.